उसनी माणसं

खाडीला सुकती लागलेली आणि पेट्या अजून धक्क्यावरच, अशी अण्णांच्या गोष्टीची सुरुवात असायची. अण्णा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, प्राथमिक शाळेत मास्तर. 1952 च्या सुरुवातीला पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान आमच्याकडे झालं, तेव्हा त्यांची नेमणूक कुंडलिकेपलीकडे कोर्लईला झाली होती. आज साळावच्या पुलावरून रिक्षा बघता बघता पलीकडे जाते. तेव्हा होडीशिवाय वाट नव्हती, आणि होडी भरतीच्या मर्जीने चालायची. अलिबागहून पेट्या यायला उशीर झाला, पाणी उतरलं आणि अण्णांना, एका शिपायाला, एका पोलिसाला गुडघाभर चिखलातून होडी गाठावी लागली. "धोतर खोचलेलं, डोक्यावर लोखंडी पेटी आणि तोंडात रामरक्षा," असं ते सांगत.

पेट्या थोड्याथोडक्या नव्हत्या. त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर उमेदवारांची नावंच नसत. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मतदाराने पडद्याआड जायचं आणि एक रुपयाच्या नोटेएवढा कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. लोकसभेचे जितके उमेदवार तितक्या पेट्या, विधानसभेच्या आणखी वेगळ्या. देशभर लागलेल्या अशा लाखो पेट्यांपैकी बारा लाखांहून जास्त एकट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडल्या. कोर्लईत ही पद्धत सोयीची ठरली, कारण किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या ख्रिस्ती वस्तीची घरची बोली पोर्तुगीज वळणाची. तिथल्या म्हाताऱ्या बायका आपसांत 'नोलिंग' बोलू लागल्या की अण्णांना एक अक्षर कळत नसे. बैलजोडी मात्र सगळ्यांना कळत होती. एका म्हाताऱ्याने कागदाबरोबर पेटीत चार आणेही टाकले आणि मोजणीच्या वेळी ते कोणत्या खात्यात जमा करायचे यावर अलिबागला अर्धा तास खल झाला, अशी पुस्ती अण्णा जोडत. खरंखोटं कुंडलिका जाणे. देशात ठिकठिकाणी पेट्यांतून नाणी, फुलं, चिठ्ठ्या निघाल्या होत्या हे मात्र खरं आहे.

या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग चिखलाचा नाही, त्याआधीच्या दिवसाचा आहे. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या, मतदारसंघातले काँग्रेसचे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि त्या घडीला देशाचे अर्थमंत्री. अलिबागच्या कचेरीत मास्तरमंडळींना काम समजावून सांगत असताना कुणीतरी धीर करून मामलेदारांना विचारलं, की मंत्र्यांचा माणूस केंद्रावर आला तर त्याला खुर्ची द्यायची की नाही. मामलेदार म्हणाले, "मतदान आटपेपर्यंत तुम्ही मंत्र्यांचे नाही, कलेक्टरसाहेबांचे नाही आणि माझेही नाही. दिल्लीत सेन म्हणून एक गृहस्थ बसलेत, तुम्ही त्यांचे." अण्णांनी त्या सेनांना कधी पाहिलं नाही. पण त्यांचं नाव ते जन्मभर एखाद्या थोरल्या नातलगाचं घ्यावं तसं घेत.

सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. मुळात गणिताचे विद्यार्थी, मग आयसीएस, पश्चिम बंगालचे मुख्य सचिव. 21 मार्च 1950 ला त्यांनी पदभार घेतला तेव्हा मतदारयादी नव्हती, पेट्या नव्हत्या, निवडणुकीचा कायदाही पुरता तयार नव्हता. नेहरूंना 1951 च्या वसंतातच निवडणूक उरकायची होती. सेनांनी सबुरीचा सल्ला दिला आणि पंतप्रधान थांबले. त्या वेळी कुणी राजीनाम्याची भाषा केली नाही, कुणी कोर्टात गेलं नाही, म्हणून आयोगाने सरकारला दिलेला हा पहिला नकार फारसा कुणाच्या लक्षातही नाही.

सेनांच्या हाताशी स्वतःची माणसं मूठभर. घटनेच्या 324 व्या कलमातच लिहिलंय, की आयोगाला लागणारे कर्मचारी राष्ट्रपतींनी आणि राज्यपालांनी पुरवायचे. म्हणजे मास्तर, तलाठी, मामलेदार, पोलीस हे सगळे सरकारचे, आणि तेवढ्या दिवसांपुरते आयोगाचे. लग्नघरी शेजाऱ्यांची पातेली मागून आणतात, त्यांवर नाव शेजाऱ्यांचंच कोरलेलं असतं, तसा हा कारभार. मुलूखभर पसरलेल्या या उसन्या माणसांनी दिल्लीतल्या कधी न पाहिलेल्या माणसाला आपला वरिष्ठ मानायचं, यावर सगळी इमारत उभी. आयोगाच्या स्वातंत्र्याबद्दल पुढे जे वाद झाले ते बहुतेक याच दोन प्रश्नांभोवती फिरले: दिल्लीतल्या त्या खुर्चीवर कोण बसवतो, आणि ही उसनी माणसं नेमकी कोणाची.

आमच्या आजीच्या हिशेबी मात्र ती निवडणूक चिखलात नव्हे, ओटीवर सुरू झाली. यादी करायला आलेला माणूस विचारतो, नाव काय, नवऱ्याचं नाव काय. स्वतःचं नाव तिने सांगितलं. नवऱ्याचं नाव परक्या पुरुषासमोर आणि तेही दिवसाढवळ्या कसं घ्यायचं? सासूबाई आत पाट्यावर वाटत बसलेल्या. शेवटी आजीने मंगळागौरीला घ्यायचा तो उखाणा पुटपुटला आणि समोरच्याने त्यातून नाव वेचून यादीत लिहिलं. घरात पुढे कितीतरी वर्षं यावरून हसत. उत्तरेत आणि मध्य भारतात हेच हसण्यावारी गेलं नाही. तिथे असंख्य बायकांनी 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच सांगितलं. सेनांनी फर्मावलं, की स्वतःच्या नावाशिवाय नोंद चालणार नाही. त्यापायी जवळजवळ 28 लाख बायकांची नावं यादीतून गेली. निर्णय कठोर होता आणि मला आजही तो पुरता पटत नाही. पण पुढच्या निवडणुकीला त्यांतल्या बहुतेकींनी नावं सांगितली, हेही खरं.

आजीच्या सासऱ्यांना, म्हणजे माझ्या पणजोबांना, 1937 सालीच मत होतं. थोडी नारळी-पोफळीची वाडी, तिचा सारा सरकारात भरलेला, म्हणून. त्यांच्या वाडीत राबणाऱ्याला मत नव्हतं. 1935 च्या कायद्याने मत सारा, भाडं, प्राप्तिकर नाही तर शिक्षण यांना बांधलेलं होतं. खोताला मत आणि बहुतेक कुळांना नाही, आणि निवडणूक घेणारा कलेक्टर सरकारचाच. याच काळात अलिबागजवळच्या चरीत आणि आसपासच्या गावांत कुळांनी खोतांविरुद्ध संप धरला होता. 1933 पासून सहा वर्षं जमिनी पडीक टाकल्या, लाकडं फोडून, जंगलातला पाला विकून पोटं भरली. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि 1937 त त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं. पणजोबा संपाच्या बाजूचे होते असं सांगायला मला आवडलं असतं. ते नव्हते.

आंबेडकरांना यादीचं राजकारण किती जवळून ठाऊक होतं हे 15 जून 1949 ला घटना समितीत दिसलं. आधीच्या मसुद्यात प्रत्येक प्रांताला वेगळा निवडणूक आयोग होता. आंबेडकरांनी तो बदलून सगळ्या देशाला एकच आयोग सुचवला. कारण उघड सांगितलं: काही प्रांतांत परभाषिक, परजातीय लोकांची नावं यादीत येऊ नयेत अशी व्यवस्था तिथली सरकारंच करत होती. त्याच चर्चेत शिब्बनलाल सक्सेनांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. आयुक्ताला काढणं सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला काढण्याइतकं अवघड करताय ते ठीक, पण नेमणार कोण? राष्ट्रपती, म्हणजे पंतप्रधानच. त्यांचं म्हणणं, नेमणुकीला संसदेच्या दोन्ही सभागृहांची दोन तृतीयांश मान्यता हवी. आंबेडकरांनी हा मुद्दा उडवून लावला नाही. पद कितीही भक्कम केलं तरी एखादा मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूसच तिथे नेमला गेला तर घटनेत अटकाव नाही, हे त्यांनी सभागृहात कबूल केलं. उपाय मात्र पुढच्या संसदेवर सोपवला. संसदेने तो कायदा करायला 74 वर्षं घेतली.

अडीच वर्षांनी झालेल्या पहिल्याच निवडणुकीत उत्तर मुंबईतून आंबेडकर हरले. जिंकले काँग्रेसचे नारायण काजरोळकर. ज्याने आयोगाचं कलम मांडलं, तो त्याच आयोगाच्या पेट्यांत हरला. मोजणीबद्दल आंबेडकरांच्या तक्रारी होत्या, त्या त्यांनी कायद्याच्या वाटेने मांडल्या.

रेवदंड्यात राहणाऱ्याला पेटी म्हटलं की आणखी एक गोष्ट आठवायला हरकत नाही. आमचा बाजार, शाळा, वाड्या सगळं किल्ल्याच्या तटाच्या आतच आहे. पोर्तुगीजांनी वसवलेल्या चौलचा हा भाग, 1740 मध्ये मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज शहरांत नगरसभा असे, तिला ते 'कामरा' म्हणत. तिच्या निवडणुकीची त्यांची रीत मोठी गमतीची. नावांच्या चिठ्ठ्या मेणाच्या गोळ्यांत बंद करायच्या, गोळे कुलपांच्या पेटीत ठेवायचे, किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे द्यायच्या आणि वर्षाच्या अखेरीला एका लहान पोराकडून गोळा उचलायचा. इतकी खबरदारी. पण कोणाची नावं गोळ्यांत जाणार ती यादी राजाच्या न्यायाधिकाऱ्याच्या नजरेखाली व्हायची. सातखणी मनोऱ्याखाली पोरांचं क्रिकेट चालतं तिथून जाताना मला नेहमी वाटतं, कुलपांबद्दल सरकारांना तेव्हाही फारशी हरकत नसणार.

अण्णांची दुसरी गोष्ट 1957 ची. ही ते हळू आवाजात सांगत, कारण तोवर ते मनाने पुरते संयुक्त महाराष्ट्र समितीवाले झाले होते. चिंतामणरावांनी 1956 त मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं होतं. कोकणात वातावरण पेटलेलं. राज्य द्विभाषिक मुंबईचं, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. केंद्रावर बसणारे सगळे त्यांच्याच सरकारचे पगारी नोकर. अण्णा सांगत, की मतदानाच्या दिवशी त्यांनी टोपीही घातली नाही, न जाणो टोपीवरून कुणी अर्थ काढायचा. एका ओळखीच्या कार्यकर्त्याने पडद्याशी घुटमळणाऱ्या म्हातारीला 'तिकडची, तिकडची' म्हणून खुणावलं तर अण्णांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. तो समितीचाच होता, आदल्या रात्री याच अण्णांच्या ओटीवर चहा पिऊन गेलेला. पुढे सहा महिने तो अण्णांशी बोलला नाही.

मोजणीत कुलाब्यात काँग्रेस पडली, शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) उमेदवार खासदार झाला. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला धूळ चारली, खुद्द मुख्यमंत्री कराडला थोडक्यात तरले. हे सगळे आकडे सरकारी नोकरांनी मोजले, सरकारी नोकरांनी वाचून दाखवले. अण्णांच्या गोष्टीतले मामलेदार निकाल वाचताना एकदा अडखळले, पाणी प्यायले आणि पुढचा आकडा वाचू लागले. त्यांना त्यापायी काही झालं नाही. उलट पुढे बढती मिळाली, असं अण्णा अभिमानाने सांगत, जणू ती त्यांनीच दिली होती.

उसन्या माणसाला सरकारने आपल्या कामाला लावलं तर काय होतं हे 12 जून 1975 ला देशाने पाहिलं. अलाहाबादच्या न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द केली ती यशपाल कपूर या अधिकाऱ्याची सरकारी नोकरी सुटण्याआधी त्यांच्याकडून प्रचाराचं काम घेतलं म्हणून, आणि सभांचे मंच, वीज यांसाठी सरकारी यंत्रणा राबली म्हणून. पुढची आणीबाणी सर्वांना ठाऊक आहे. 1977 त कुलाब्याने शेकापच्या दि. बा. पाटलांना दिल्लीला पाठवलं.

माझ्या स्वतःच्या आठवणी शेषन यांच्यापासूनच्या. त्यांच्या आधी दिल्लीत एक प्रयोग होऊन गेला होता. ऑक्टोबर 1989 त, निवडणूक तोंडावर असताना, राजीव गांधी सरकारने एकट्या मुख्य आयुक्तांच्या शेजारी आणखी दोन आयुक्त बसवले. सरकार बदललं आणि 1 जानेवारी 1990 ला ती दोन्ही पदंच काढून टाकली. आल्या पावली परत. डिसेंबर 1990 त टी. एन. शेषन मुख्य आयुक्त म्हणून आले, आणि त्यांचं नाव आमच्या पारनाक्यावर बायकामुलांच्याही तोंडी झालं. त्याआधी निवडणूक म्हणजे वाड्यांचे गडगे रंगायचे. एका बाजूला शेकापचा खटारा, दुसऱ्या बाजूला पंजा, मध्ये चुन्याचे ओघळ. कोणी मालकाला विचारत नसे. 1995 च्या विधानसभेला गडगे कोरडे राहिले. रात्री दहानंतर कर्णे बंद. प्रत्येक वाटाण्या-फुटाण्याचा खर्च वहीत. गावच्या एका कार्यकर्त्याला रंगाचा डबा घेऊन जाताना तलाठ्याने हटकलं, तर त्याने शपथेवर सांगितलं, की तो बायकोच्या माहेरचा गोठा रंगवायला निघालाय.

तो तलाठी म्हणजे माझे काका, तात्या. अण्णांचे पुतणे. फोटोच्या ओळखपत्रांची मोहीम निघाली तेव्हा शाळेच्या वर्गात पांढरा पडदा लावून फोटो काढत होते आणि तात्या यादी घेऊन बसले होते. आजी नथ घालून आली. फोटोग्राफर म्हणाला, डोक्यावरचा पदर जरा मागे घ्या, कपाळ दिसत नाही. आजीने तात्यांकडे असं पाहिलं, की पुढचा नंबर लवकर घ्यावा लागला. कार्डावर तिचं वय अठ्ठावीस छापून आलं. ते तिने शेवटपर्यंत दुरुस्त करू दिलं नाही.

शेषन यांनी नवा कायदा आणला नाही, होता तोच वापरला. आणि भांडले ते त्याच जुन्या प्रश्नावर. निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी त्या काळात आयोगाच्या शिस्तीखाली असतात, असं 1988 त लोकप्रतिनिधित्व कायद्यात घातलेलं होतं. सरकार ते मनापासून मानत नव्हतं. 2 ऑगस्ट 1993 ला शेषन यांनी आदेश काढला, की आयोगाचे अधिकार सरकार मान्य करत नाही तोवर देशात कुठलीच निवडणूक होणार नाही. दोन महिन्यांत, 1 ऑक्टोबरला, सरकारने त्यांच्या शेजारी एम. एस. गिल आणि जी. व्ही. जी. कृष्णमूर्ती यांना आणून बसवलं. शेषन कोर्टात गेले, 1995 च्या जुलैत हरले. तीन जणांचा आयोग तेव्हापासून कायम. मला विचाराल तर कोर्टाचं बरोबर होतं. एकाच माणसाच्या मर्जीवर सगळ्या देशाची निवडणूक थांबणं हेही काही स्वातंत्र्य नव्हे. पण सरकारने तिघांची आठवण नेमकी तेव्हाच का केली, हे कळायला कोर्ट लागत नाही. 1997 त शेषन राष्ट्रपतिपदाला उभे राहून पडले, तेव्हा अण्णा हयात नव्हते. त्यांना ते रुचलं नसतं.

इथे एक घोळ निस्तरायला हवा, कारण तो पारनाक्यावर रोज होतो. रेवदंड्याची ग्रामपंचायत, तालुक्याची पंचायत समिती, जिल्हा परिषद यांच्याशी दिल्लीच्या आयोगाचा संबंध नाही. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीनंतर 1994 त महाराष्ट्रात तो स्थापन झाला. यादी विधानसभेचीच वापरतात, बाकी सगळं वेगळं. आणि स्वातंत्र्याची खरी खडाजंगी झाली ती दिल्लीत नव्हे, इथे.

मार्च 2008 मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेने राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना हक्कभंगापायी दोन दिवसांची कैद सुनावली आणि त्यांना आर्थर रोड तुरुंगात नेलं. मागची कटकट होती प्रभागांची आखणी आणि आरक्षण ही कामं आयोगाची की सरकारची, याची. पेपर वाचून तात्या इतके गप्प झाले, की काकूंनी त्यांचं कपाळ चाचपून पाहिलं. निवडणूक घेणाऱ्याला निवडून आलेल्यांनी आत टाकलं! ज्या मुलखातल्या कर्मचाऱ्यांनी 57 साली सत्ताधारी पक्षाचा पराभव शांतपणे मोजला, त्याच मुलखात. आपल्याकडे या प्रसंगाची आठवणही कुणी काढत नाही, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं.

गोव्याने तर आणखी सोपी युक्ती काढली होती. राज्याच्या कायदा सचिवांकडेच निवडणूक आयुक्ताचा जादा कार्यभार. सकाळी सरकारला सल्ला द्यायचा, दुपारी सरकारपासून स्वतंत्र व्हायचं. पालिकांच्या आरक्षणावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 12 मार्च 2021 ला न्यायालयाने याला घटनेची थट्टा ठरवलं आणि कुठल्याही राज्यात सरकारी नोकर राज्य निवडणूक आयुक्त असता कामा नये, असं बजावलं. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार सरकारकडे घेतले. ओबीसी आरक्षणाचा तिढा होताच. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत 2022 त संपली, कारभार प्रशासकाच्या हाती गेला आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिला. ज्याच्या हाती ससा तो पारधी. गटाराचं झाकण बदलायचं तरी दाद कोणाकडे मागायची, असा प्रश्न. निवडणुकीत गडबड करायची गरजच नाही, ती झालीच नाही म्हणजे झालं.

लोकसभेचं मत मात्र वेळच्या वेळी पडत राहिलं, आणि रायगडात ते चुरशीनेच पडतं. 2014 त अनंत गीते इथून सुनील तटकरेंविरुद्ध 2110 मतांनी निवडून आले. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचे एक अपक्षही उभे होते, त्यांना नऊ हजारांवर मतं पडली. नियमाप्रमाणे सगळं चोख होतं. नावांचा असा घोळ टळावा म्हणून 1 मे 2015 पासून आयोगाने यंत्रावर उमेदवाराचा फोटोही लावायला सुरुवात केली.

आणि मग 1949 च्या जूनमधला तो जुना प्रश्न पुन्हा वर आला. नोव्हेंबर 2022 त अरुण गोयल यांनी सचिवपदावरून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दुसऱ्या दिवशी ते निवडणूक आयुक्त झाले. घटनापीठापुढे नेमणुकांबद्दलची सुनावणी चालूच होती. न्यायाधीशांनी फाईल मागवली, ती एका दिवसाच्या आत सगळ्या टेबलांवरून फिरून आली होती. सातबाऱ्यावर वारसाची नोंद व्हायला किती महिने लागतात हे तात्यांना विचारावं. 2 मार्च 2023 ला निकाल लागला: संसद कायदा करेपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या शिफारशीने नेमणूक व्हावी. डिसेंबरात संसदेने कायदा केला. त्यात सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी निवडलेला केंद्रीय मंत्री आहे. तिघांत दोघे सरकारचे. सक्सेनांनी 1949 त हवा म्हटलेला बंदोबस्त हा नक्कीच नव्हे. कायदा करायला सांगितलं होतं, कायदा केला, एवढं सरकारला म्हणता येतं. आता अमुक आयुक्त चांगला की वाईट हा प्रश्नच मागे पडतो. निवडणारे दोघे एका बाजूचे असले की चांगल्या माणसालाही आपण चांगले आहोत हे रोज सिद्ध करत बसावं लागतं, आणि याद्यांवरून, आकड्यांवरून संशय उठला की लोक आधी नेमणुकीकडे बोट दाखवतात.

2024 च्या विधानसभा निवडणुकीत आयोगाने 4 नोव्हेंबरला राज्याच्या पोलीस महासंचालक रश्मी शुक्ला यांना पदावरून दूर करायला सांगितलं. विरोधकांची तशी मागणी होती. निकाल लागला, आचारसंहिता उठली आणि त्याच महिन्यात सरकारने त्यांना पुन्हा त्याच खुर्चीवर बसवलं. दोन्ही हुकूम कायद्यात बसणारे. तात्या झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते. ऐंशीला टेकलेत, पण बदलीची बातमी चुकवत नाहीत.

त्यांची स्वतःची बदलीची गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली. साल त्यांनी सांगितलं नाही, पक्षही नाही. वादळात वाड्यांची नासधूस झाली होती, पोफळी आडव्या पडल्या होत्या. पंचनामे तात्यांनीच केले होते. भरपाईचे चेक येऊन पडले आणि तेवढ्यात आचारसंहिता लागली. एका वजनदार माणसाचा निरोप आला, चेक आमच्या हस्ते मतदानाआधी वाटून टाका, लोक अडचणीत आहेत. लोक अडचणीत होतेच. त्यांत आमच्या घरचाही चेक होता. तात्या म्हणाले, मोजणी झाल्यावर. तो माणूस निवडून आला. सहा महिन्यांनी तात्यांची बदली पोलादपूर तालुक्यात झाली. कागदावर ती नेहमीची प्रशासकीय बदली. काकू तीन वर्षं इथे एकट्या, मुलांच्या शाळा सांभाळत.

"तेव्हा आयोगाला कळवायचं होतंत," मी म्हटलं.

"कोणत्या आयोगाला? आचारसंहिता उठल्यावर मी परत तहसीलदारांचाच झालो ना."

"आणि चेक?"

"मोजणीच्या तिसऱ्या दिवशी वाटले. त्याच्या माणसांनाही दिले. सह्या घेतल्यात सगळ्यांच्या, रजिस्टर चावडीत असेल," तात्या म्हणाले, आणि त्यांनी पान उलटून भरती-ओहोटीच्या वेळा पाहायला घेतल्या.